नागिणीची लस घ्यायची का, आणि घ्यायची तर पैशाचं कसं जमवायचं

ठाण्यात सध्या साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांचं असं होतंय की शुगर-बीपीच्या नेहमीच्या तपासणीला जातात, डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता विचारतात नागिणीची लस घेतली का, हे म्हणतात बघू, मग खाली मेडिकलमधे किंमत विचारतात आणि विषय तिथेच संपतो. घरी येऊन कुणाला सांगतही नाहीत कारण वीस-बावीस हजाराची लस मुलांना कशी सांगायची, आणि आपल्याला आत्तापर्यंत नागीण झाली नाही तर यापुढे कशाला होईल. माझ्या सासूसासऱ्यांचंही अगदी हेच झालं होतं. दोघं सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंना डायबेटिस, आणि खर्च दोघांचा म्हणजे डबल. मी डॉक्टर नाही, पण त्या निमित्ताने हा विषय नीट समजून घेतला, आमच्या फॅमिली डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले, आणि सोसायटीतल्या काकाकाकूंना एकेकट्याला सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून लिहितेय.

आधी आजार काय आहे ते बघू, नागीण म्हणजे इंग्रजीत ज्याला शिंगल्स म्हणतात तो. लहानपणी कांजिण्या झाल्या, आठ-दहा दिवसांत फोड सुकले, आपण कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ करून विसरलो, पण तो विषाणू शरीरातून गेलेला नसतो. पाठीच्या कण्याजवळ आणि मेंदूजवळ नसांच्या मुळाशी ज्या गाठी असतात तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहतो, काही त्रास न देता. आपली प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. वय वाढलं, किंवा मोठं आजारपण आलं, केमो झाली, स्टिरॉइड बरेच दिवस चालू राहिले, की हा दाब सैल पडतो आणि तो विषाणू एखाद्या नसेतून बाहेरच्या दिशेने कातडीपर्यंत येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते, कमरेवर, छातीवर, मानेवर, कपाळावर, कारण ती त्या एका नसेच्या हद्दीत असते. कांजिण्या झाल्याचं आठवत नाही म्हणून आपण सुटलो असंही नाही, लहानपणी हलक्या होऊन गेलेल्या असतात आणि आता सांगायला घरात कुणी मोठं उरलेलं नसतं. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या अंगात हा विषाणू असतोच असं धरून चालतात, त्यासाठी वेगळी रक्ततपासणी करायला सांगत नाहीत.

आपल्याकडे नागिणीबद्दल एक भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय की तिचं तोंड आणि शेपूट जुळलं, म्हणजे कमरेभोवती पूर्ण वेढा झाला, की माणूस जातो. असं काही नसतं. एक नस अंगाच्या एकाच बाजूला जाते त्यामुळे साधारणपणे पुरळ मधल्या रेषेपाशीच थांबते. फार मोठ्या भागावर किंवा दोन्हीकडे पसरली तर प्रतिकारशक्ती खूप कमी झालीय असा त्याचा अर्थ असू शकतो आणि लगेच डॉक्टर हवा, पण वेढ्याने कुणी मरत नाही. या भीतीचं खरं नुकसान असं की लोक गेरूचा लेप लावत बसतात, मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात, आणि औषध सुरू करायचे जे मोलाचे दोन-तीन दिवस असतात ते त्यातच जातात. त्याबद्दल शेवटी सविस्तर सांगते, कारण लस घ्या न घ्या, ती गोष्ट प्रत्येकाला माहीत पाहिजे.

खरा त्रास पुरळाचा नाही, नंतरच्या दुखण्याचा. माझ्या डोंबिवलीच्या आत्याला झाली होती, उजव्या बाजूला छातीखालून पाठीपर्यंत. फोड दोन-तीन आठवड्यांत सुकून गेले, डाग राहिले, सगळ्यांना वाटलं झालं बरं. पण दुखणं गेलंच नाही. ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायची तेव्हा मधे मधे लाटणं ठेवून ब्लाऊजचं कापड दोन बोटांनी अंगापासून उचलून धरायची, कारण कापड लागलं तरी आग व्हायची. पंख्याचा वारा नको, पांघरूण नको, आणि नातू धावत येऊन बिलगला की हिच्या तोंडून ओरडणं निघायचं, मग त्या पोराला वाटायचं आजी रागावली. बरेच महिने असंच चाललं. विजेच्या वायरचं वरचं आवरण सोलवटलं की ती जिथे तिथे शॉर्ट होते ना, तसं त्या नसेचं होतं, साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा मेंदूला दुखणं म्हणून जातो. याला पोस्ट हर्पेटिक न्युराल्जिया म्हणतात. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर हे नाव देतात. यावर साध्या पेनकिलरचा फार उपयोग होत नाही, प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन असल्या नसांवरच्या गोळ्या देतात आणि त्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, चक्कर येते, रात्री बाथरूमला जाताना तोल जायची भीती. आत्या रात्री भिंत धरून चालायची. म्हणजे नागिणीतून पाय मोडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

पण सगळ्यांनाच असं होतं का, तर नाही, आणि जाहिरात बघून घाबरण्याआधी हे आकडे बघा. अमेरिकेतला अंदाज असा आहे की आयुष्यभरात साधारण तिघांपैकी एकाला नागीण होते, आणि ज्यांना होते त्यांच्यातल्या शंभरात १० ते १८ जणांना ते लांबलेलं दुखणं लागतं. वय जितकं जास्त तितका हा धोका जास्त. डायबेटिस असला तर अजून वाढतो, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कॅन्सरची ट्रीटमेंट झाली असेल, किडनी ट्रान्सप्लांट झालं असेल तर खूपच वाढतो.

आता लस. आपल्याकडे सध्या डॉक्टर जी सांगतात ती शिंग्रिक्स, जीएसके कंपनीची, भारतात २०२३ मधे आली. अमेरिकेत तिला २०१७ मधे मंजुरी मिळाली होती. ५० वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे. दोन डोस, दंडावर स्नायूत इंजेक्शन, पहिल्यानंतर दुसरा २ ते ६ महिन्यांच्या आत. यात जिवंत विषाणू अजिबात नाही, विषाणूच्या अंगावरचं एक प्रोटीन आणि त्याच्यासोबत प्रतिकारशक्तीला जागं करणारा एक घटक असं मिश्रण आहे, त्यामुळे लसीमुळेच नागीण होईल ही शंका काढून टाका, ते शक्यच नाही. याच्याआधी एक जुनी लस होती, झोस्टाव्हॅक्स, तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असायचा आणि तिचा असर काही वर्षांत बराच उतरायचा, अमेरिकेत ती २०२० मधे बंद झाली. तुमच्यापैकी कुणी मुलाकडे अमेरिकेला गेलेले असताना तेव्हा ती एक डोसवाली घेतली असेल तर ती धरून चालू नका, नवीन दोन डोस घ्यावेत असंच तिकडचे डॉक्टरही सांगतात.

किती काम करते? तिच्या मुख्य ट्रायलचे आकडे मला फार बोलके वाटले म्हणून जसेच्या तसे देते. ५० च्या पुढच्या लोकांमधे, लस मिळालेल्या ७,३४४ जणांपैकी ६ जणांना नागीण झाली आणि नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन मिळालेल्या ७,४१५ जणांपैकी २१० जणांना, साधारण तीन-सव्वातीन वर्षांत. म्हणजे ९७ टक्के संरक्षण. सत्तरीच्या पुढच्यांमधे ते ९१ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि त्या लांबलेल्या दुखण्यापासून त्याच वयात ८९ टक्क्यांच्या जवळ. म्हाताऱ्या शरीरात लसी सहसा कमी लागू पडतात, त्या मानाने हे खूपच चांगलं आहे. पुढे दहा-अकरा वर्षं त्याच लोकांवर लक्ष ठेवलं तेव्हा संरक्षण उतरलं पण ८० टक्क्यांच्या आसपास टिकून होतं.

आता तेच आकडे उलट बाजूने वाचा, कारण पैसे आपले जाणार आहेत. लस न मिळालेल्या त्या ७,४१५ मधल्या ७,२०० च्या वर लोकांना त्या तीन वर्षांत काहीही झालं नाही. त्याच हिशोबाने शंभर जण दहा वर्षं पकडले तर नऊएक जणांना नागीण होईल, त्यातल्या एखाद्याला किंवा फार तर दोघांना माझ्या आत्यासारखं दुखणं लागेल. शंभरही जणांनी लस घेतली तर नऊपैकी सात-आठ जण वाचतील. हा माझा ढोबळ हिशोब आहे आणि आकडे परदेशातले आहेत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. तर ९७ टक्के ऐकून असं वाटून घेऊ नका की लस नाही घेतली तर ९७ टक्के नागीण होणारच, आणि नऊ ऐकून असंही वाटून घेऊ नका की मग काय आपण त्या एक्याण्णवातच असणार. सत्तरी उलटलेल्या, शुगर असलेल्या बाईसाठी तो नऊचा आकडा वर सरकतो, ठणठणीत बावन्न वर्षांच्या माणसासाठी खाली येतो.

म्हणूनच मला वाटतं की सुरुवात किमतीपासून न करता जोखमीपासून करावी. माझं स्वतःचं मत सांगते, डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण घरात पैसे एकाच्याच लसीचे असतील तर आधी ज्याला डायबेटिस आहे, ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, ज्याचं वय जास्त आहे त्याला द्या. नवराबायकोने जोडीनेच घ्यायला पाहिजे असं काही नाही, ही काही सत्यनारायणाची पूजा नव्हे. आमच्याकडे सासऱ्यांचा आग्रह होता की घेऊ तर दोघं घेऊ नाहीतर कुणीच नको, आणि मला हे फार चुकीचं वाटलं, कारण त्यात सासूबाईंचं नुकसान होतं, शुगर त्यांना आहे. शेवटी त्यांची आधी झाली. आणि पन्नाशीतल्या तब्येतीने चांगल्या माणसावर घराचं कर्ज, मुलांच्या फी असतील तर त्याने चार-पाच वर्षं थांबून साठीच्या आसपास घेतली तर आभाळ कोसळत नाही. पण त्याच पन्नाशीतल्या माणसाला संधिवातासाठी टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सुरू होणार असतील तर मात्र थांबू नका, अशा गोळ्या सुरू व्हायच्या आधीच लस होऊन जाणं चांगलं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसरा डोस महिन्या-दोन महिन्यांतही देतात, ते डॉक्टर ठरवतील.

ज्यांना आधीच एकदा नागीण होऊन गेलीय त्यांनाही घेता येते, कारण ती परत होऊ शकते. फोड पूर्ण सुकून दुखण्याचा जोर ओसरल्यावर, किती महिन्यांनी ते डॉक्टर सांगतील. पण नागीण अंगावर असताना ही लस म्हणजे औषध नाही, तेव्हा तिचा काही उपयोग नाही. आणि आत्यासारखं दुखणं आधीच लागलेलं असेल तर तेही लसीने जात नाही, हे मी मुद्दाम सांगतेय कारण ती आशा ठेवून पैसे घालवणारे लोक असतात.

त्रास होतो का, होतो, आणि तो लपवून ठेवला की लोक दुसरा डोस घेत नाहीत. दंड दुखणं हे तर बहुतेकांना, उचलताना जड वाटतो, लाल होतो, सुजतो. निम्म्याच्या जवळपास लोकांना अंग दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं, बऱ्याच जणांचं डोकं दुखतं, पाचातल्या एकाला ताप येतो. सहसा दोन-तीन दिवसांत ओसरतं. सासूबाईंना पहिल्या रात्री थंडी वाजून ताप आला, दुसऱ्या दिवशी त्या पडूनच होत्या, पॅरासिटामॉल आणि पेज, तिसऱ्या दिवशी उठून देवपूजेला बसल्या. म्हणून लग्नाच्या किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊ नका, गणपतीच्या धावपळीत तर नकोच. एकटे राहणाऱ्यांनी त्या रात्री कुणाला तरी सोबत बोलवा किंवा निदान शेजारी सांगून ठेवा. फार क्वचित, दहा लाख डोसमागे मोजके, गियाँ-बारे सिंड्रोम नावाचा नसांचा आजार लसीनंतर दिसलाय आणि त्याची सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने २०२१ पासून लसीच्या माहितीपत्रकात घालायला लावलीय, तर आधी तो आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तेही सांगा, कारण इंजेक्शन स्नायूत असतं, ते जागा जास्त वेळ दाबून ठेवतात. ताप-खोकला चालू असताना पुढे ढकला. लसीतल्या कुठल्या घटकाची किंवा पहिल्या डोसची जोरदार ॲलर्जी आली असेल तर घ्यायची नाही.

आता पैसे. एका डोसला साधारण दहा-अकरा हजार, म्हणजे माणशी वीस-बावीस हजार, जोडप्याचे चाळीस-चव्वेचाळीस. सरकारी लसीकरण मुख्यतः लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी आहे, त्यात ही लस नाही, त्यामुळे महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळेल म्हणून वाट बघू नका. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना जे आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांचं, ते हॉस्पिटलमधे ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, लसीसाठी नाही. कार्ड काढाच, उत्पन्नाची अट नाही, पण या कामाला ते येणार नाही. मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच, बऱ्याच पॉलिसीत लसीकरण वगळलेलं असतं. तरी एक फोन करून विचारा की ओपीडी बेनिफिट, म्हणजे ॲडमिट न होता झालेल्या खर्चाचे पैसे, मिळतात का, हल्ली काही पॉलिसींमधे आणि मुलांच्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समधे आईवडिलांसाठी ओपीडीची थोडी रक्कम असते आणि ती वर्षअखेर वापराविना वाया जाते. एलआयसी, बँका, मोठ्या कंपन्या इथून रिटायर झालेल्यांनी आपल्या निवृत्तांच्या मेडिकल स्कीमला विचारा, तोंडी नको, मेलवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी हिशोबात कुणी धरत नाही. नागीण झाल्यावरचं जे लांबलेलं दुखणं असतं त्याचा खर्चही ओपीडीचाच असतो. डॉक्टरची फी, दर महिन्याच्या गोळ्या, नसांच्या डॉक्टरकडे जाणं, रिक्षा, त्यातलं काहीच मेडिक्लेम सहसा देत नाही कारण ॲडमिट कुणी होत नाही. आत्याचे ते सगळे पैसे पेन्शनमधूनच गेले. म्हणजे दोन्हीकडे खिसा आपलाच आहे.

इन्कम टॅक्समधे थोडी मदत होऊ शकते. ६० च्या पुढच्या ज्या व्यक्तीसाठी मेडिक्लेमचा प्रीमियमच भरला जात नाही, तिच्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आपण ज्याला ८०डी म्हणतो ती. आईवडिलांसाठी मुलाने खर्च केला तर मुलालाही मिळते. अटी दोन, पेमेंट रोखीने केलेलं नको आणि तुम्ही जुनी करपद्धत घेतलेली पाहिजे, नवीन पद्धतीत ही वजावट नाही. २० टक्क्यांच्या स्लॅबमधे असाल तर २२,००० वर साडेचार हजाराच्या आसपास वाचतात. लसीचा खर्च यात दाखवायचा तर बिल माणसाच्या नावाचं हवं, सोबत प्रिस्क्रिप्शन हवं, आणि तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. म्हणून यूपीआय किंवा कार्डनेच द्या, मेडिकलवाला कॅशवर थोडं कमी करतो म्हणाला तरी.

कुठे घ्यायची यावर रकमेत बराच फरक पडतो. मोठ्या हॉस्पिटलात लसीची किंमत, वर कन्सल्टेशन, वर इंजेक्शन द्यायचा चार्ज, काही ठिकाणी रजिस्ट्रेशन, असं करत बिल फुगतं. फोनवरच विचारा की सगळं धरून हातात किती पडेल. एमआरपी ही वरची मर्यादा असते, मोठे मेडिकल आणि ऑनलाइन फार्मसी तिच्यावर डिस्काउंट देतात, दोन-तीन ठिकाणी विचारायला लाजू नका. फॅमिली डॉक्टर तयार असतील तर लस मेडिकलमधून घेऊन त्यांच्याकडे टोचून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं, पण त्यात एक धोका आहे, थंडपणाचा. ही लस २ ते ८ डिग्रीतच ठेवायची असते आणि गोठूही द्यायची नसते. मे महिन्यात स्टेशनजवळच्या दुकानातून लस घेतली आणि घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधे रिक्षात पाऊण तास पिशवीत धरून बसलात तर अकरा हजार रुपये उन्हात घातलेत असं समजा. त्यामुळे डॉक्टरांच्या दवाखान्याच्या अगदी जवळचं दुकान निवडा, किंवा डॉक्टरांनाच मागवायला सांगा, आणि आणायचीच तर थंड पिशवी, आत बर्फाचा पॅक, पण बॉक्स थेट बर्फाला टेकलेला नको. दुकानात त्यांचा लसीचा फ्रिज कुठला ते बघा, जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का विचारा. लाइट गेल्यावर काय करतात या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याकडून लस घेऊ नका. घरच्या फ्रिजमधे दह्याच्या भांड्याशेजारी दोन महिने ठेवून देऊ म्हणून दोन्ही डोस एकदम विकत घ्यायचे नाहीत.

बॉक्स उघडला की आत दोन छोट्या बाटल्या दिसतात, एकीत पावडर आणि दुसरीत द्रव, तो द्रव पावडरीत मिसळूनच इंजेक्शन भरतात. नुसतं द्रव टोचून पावडर बाजूला राहिल्याची चूक जगात इतरत्र झालेली आहे, म्हणून समोर मिसळताना बघा, त्यात कुणाचा अपमान नाही. एक्स्पायरी बघा, बॅच नंबर बिलावर आणि लसीच्या कार्डावर लिहून घ्या. अमेरिकेहून सुटकेसमधून आणायला मुलीला सांगते असं एक काकू म्हणाल्या, तर कृपा करून नको, एवढ्या प्रवासात ती नीट थंड राहिली की नाही कुणाला कळणार. आणि तिकडे गेल्यावर घेऊ म्हणाल तर व्हिजिटर इन्शुरन्स सहसा असल्या लसीचे पैसे देत नाही, शिवाय दुसऱ्या डोसपर्यंत तुम्ही तिथे असाल का तेही बघावं लागेल.

दुसऱ्या डोसचे पैसे पहिला घ्यायच्या आधीच बाजूला काढून ठेवा. एका डोसवर थांबलं तर वरचे ते आकडे आपल्याला लागू होत नाहीत, ते दोन डोसचे आहेत. दोन डोसमधे २ ते ६ महिने असतात याचा फायदा असा की खर्च वाटून घेता येतो, एक आता, एक दिवाळीनंतर, एखादा आरडीचा हप्ता संपतोय त्या महिन्यात. मुलं वाढदिवसाला मोबाइल देऊ का विचारतात तेव्हा लस दे म्हणून सांगायला काहीच हरकत नाही. एफडी मोडू नका, कर्ज तर मुळीच नको, ही इमर्जन्सी नाही. आणि काही कारणाने दुसरा डोस सहा महिन्यांच्या पुढे गेला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर तो दुसरा घेऊन टाकायचा.

अजून एक, ज्यांचं महिन्याचं बजेट खरंच ओढाताणीचं आहे त्यांच्यासाठी. शुगर-बीपीच्या गोळ्या, डोळ्यांचं रखडलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस, हे बाजूला ठेवून नागिणीची लस घ्यायची नाही. न्यूमोनियाने म्हातारी माणसं जातात, नागिणीने सहसा जात नाहीत. आधी ते करा, मग हे. फ्लूच्या लसीच्या दिवशीच दुसऱ्या दंडावर ही घेता येते, पण दोन्हीचा ताप एकदम येऊ शकतो म्हणून आम्ही वेगळ्या दिवशी घेतल्या.

हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतंय की ही लस घेतल्यावर डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जाण्याचा आजार, होत नाही. त्यामागे खरा अभ्यास आहे, ब्रिटनमधल्या वेल्सचा, २०२५ मधे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. तिकडे २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना लस मिळत होती आणि आधी जन्मलेल्यांना नाही, त्यामुळे जवळपास एकाच वयाच्या दोन गटांची तुलना आपोआप झाली, आणि लस घेतलेल्यांमधे सात वर्षांत डिमेन्शिया साधारण २० टक्क्यांनी कमी दिसला. फार आशादायक आहे, मलाही वाचून बरं वाटलं. पण ती लस जुनी, झोस्टाव्हॅक्स होती, आणि कमी होणं म्हणजे न होणं नाही. विसरभोळेपणा थांबेल म्हणून वीस हजार घालू नका, नागिणीसाठी घाला, दुसरा फायदा झाला तर आनंदच आहे.

आता सुरुवातीला म्हटलं ते, औषध सुरू करायच्या मोलाच्या दोन-तीन दिवसांचं. लस परवडली नाही, किंवा घ्यायची नाही असं ठरवलं, किंवा घेतलेली असूनही, अंगाच्या एकाच बाजूला आग, टोचल्यासारखं, करंट लागल्यासारखं दुखायला लागलं आणि एक-दोन दिवसांत तिथे लाल जागेवर पाण्याचे बारीक फोडांचे घोस दिसले, तर पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे पोचायचं. त्या वेळात असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सुरू झालं तर आजार लवकर आवरतो आणि सुरुवातीचं दुखणंही कमी होतं. असायक्लोव्हिर साधारण दिवसातून पाच वेळा असते, सात दिवस, वेळा चुकवायच्या नाहीत, किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो म्हणून मनाने मेडिकलमधून घ्यायची नाही. जेनेरिक गोळ्या लसीच्या मानाने फारच स्वस्त आहेत, आणि प्रायव्हेट नको असेल तर कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलमधे त्वचारोगाची ओपीडी आहे. फोडांवर गेरू, चुना, टूथपेस्ट काही लावू नका, नुसतं स्वच्छ कोरडं ठेवा. फोडातल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत जागा झाकून ठेवा आणि कांजिण्यांची लस न झालेलं तान्हं नातवंड किंवा गरोदर सून यांच्यापासून थोडं लांब राहा. शनिवारी संध्याकाळी फोड दिसले तर सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच रात्री कुठल्याही उघड्या दवाखान्यात जाऊन दाखवायचं. आणि पुरळ कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्यालाही लागण होऊ शकते आणि नजर जाऊ शकते, तेव्हा त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जायचं, डोळा लाल झालेला नसला तरी.